कीर्द, तार आणि बिटकॉइनचा नोड



माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहिताना हात जरा थरथरतो. चुकलं-माकलं सांभाळून घ्या. पण हा विषय मला पुस्तकातून कळला नाही, तो कळला वडीगोद्रीला, आमच्या किराणा दुकानात. म्हणून मराठीतच लिहितो आहे.

अंबडकडून येणारा रस्ता सोलापूर-धुळे महामार्गाला मिळतो, तिथे आमचं गाव. आजोबांच्या दुकानात हिशोबाच्या दोन गोष्टी असायच्या. एक कीर्द. दिवसभरात जे घडलं ते त्याच क्रमाने त्यात उतरवायचं. खाडाखोड नाही, पान फाडणं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गल्ल्यामागे टांगलेली तार. उधारीची प्रत्येक चिठ्ठी त्या तारेत ओवायची आणि पैसे आले की काढून फाडायची. म्हणजे येणं किती हे बघायला कीर्द उघडावीच लागत नसे.

नोड काय करतो?

सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला. बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कॉम्प्युटरला नोड म्हणतात. त्याच्याकडेही याच दोन गोष्टी असतात. ब्लॉकचेन ही त्याची कीर्द. ती आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. आणि आजवर खर्च न झालेल्या नाण्यांची यादी ही त्याची तार. तिच्यात १५ कोटींहून जास्त नोंदी आहेत, तरी डिस्कवर ती साधारण ११-१२ जीबीतच मावते.

साधारण दर १० मिनिटांनी नवा ब्लॉक येतो. त्यातल्या प्रत्येक व्यवहाराला नोड तीन प्रश्न विचारतो. खर्च होणारं नाणं तारेवर आहे का? सही खरी आहे का? जेवढं आत आलं त्यापेक्षा जास्त तर बाहेर जात नाही ना? उत्तरं बरोबर आली तर जुनी चिठ्ठी फाडायची आणि नवी ओवायची. झालं!

नवा नोड मात्र ही तपासणी २००९ पासून सुरू करतो. कुणी सांगितलं म्हणून मान्य, असा प्रकार नाही.

घोडं कुठे अडतं?

आपल्याला वाटतं, सह्या तपासायला वेळ लागत असेल. लागतो, पण प्रत्येक सही स्वतंत्र असते, त्यामुळे प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना काम वाटून देता येतं. खरी अडचण चिठ्ठी शोधण्यात आहे. व्यवहाराची ओळख म्हणजे त्याचा हॅश, आणि हॅश कुठलाही क्रम पाळत नाही. कालची चिठ्ठी आणि आजची चिठ्ठी तारेच्या दोन टोकांना असू शकतात.

आता गणित करू. एका भरलेल्या ब्लॉकमध्ये ६००० नाणी खर्च होतात असं धरा. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला अशा विस्कळीत जागांवरून फार तर १०० वेळा वाचते. म्हणजे एका ब्लॉकला ६० सेकंद. ब्लॉक ९ लाखांच्या वर. ९ लाख मिनिटं म्हणजे ६२५ दिवस! सुरुवातीचे ब्लॉक जवळजवळ रिकामे आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात एवढे लागत नाहीत. पण रोग कुठे आहे ते यावरून कळतं.

काय काय सुधारणा झाल्या?

१) फेब्रुवारी २०१३ च्या ०.८ आवृत्तीत जुना बर्कली डीबी जाऊन लेव्हलडीबी आला. हा डेटाबेस बदल आधी मेमरीत गोळा करतो आणि मग क्रमाने लावून सलग लिहितो. सलग लिहिणं हे डिस्कच्या आवडीचं काम.

२) फेब्रुवारी २०१६ च्या ०.१२ आवृत्तीत सह्या तपासण्यासाठी स्वतंत्र लायब्ररी आली. ६४ बिट कॉम्प्युटरवर तपासणी पाचपटीहून जास्त वेगाने होऊ लागली.

३) मार्च २०१७ मध्ये एक सवलत आली. ठरावीक जुन्या ब्लॉकपर्यंतच्या सह्या पुन्हा तपासायच्या नाहीत. पण नाणं होतं का, रकमा जुळतात का, हे मात्र तपासायचंच.

४) सप्टेंबर २०१७ पर्यंत एका व्यवहारातली सगळी नाणी एकाच नोंदीत असत. एक खर्च झालं की पूर्ण नोंद पुन्हा लिहा. त्यानंतर प्रत्येक नाण्याची नोंद वेगळी झाली.

५) आणि सगळ्यात महत्त्वाची ती मेमरीतली कॅश (गल्ल्यातली नव्हे!). बरीच नाणी तयार झाल्यावर थोड्याच वेळात खर्च होतात. अशी चिठ्ठी मेमरीतच बनते आणि मेमरीतच फाटते, डिस्कला तिचा पत्ताही लागत नाही. जे काम करावंच लागलं नाही, त्यापेक्षा वेगवान काम कुठलं?

२०१३ चा धडा

यातली पहिली सुधारणा महागात पडली होती. जुन्या डेटाबेसला एका वेळी किती कुलुपं लावता येतात याची मर्यादा होती आणि ती कुणाच्या लक्षात नव्हती. ११ मार्च २०१३ च्या रात्री एक मोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीने तो घेतला, जुनीने नाकारला. एका कीर्दीच्या दोन कीर्दी झाल्या! शेवटी खाणकाम करणाऱ्या मोठ्या गटांनी मुद्दाम जुन्या आवृत्तीकडे परत जाऊन काही तासांत साखळी एक केली. म्हणजे वेग वाढवा, पण उत्तर बदलता कामा नये. आपल्या सबमिशनच्या प्रोग्रामलाही हेच लागू आहे.

माझा प्रयोग

सुट्टीत मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर नोड सुरू केला. (नाणं घेतलेलं नाही, हे आईच्या समाधानासाठी सांगतो.) कॅश मोठी ठेवली, काम झपाट्याने चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. परत आल्यावर बघतो तर नोड कितीतरी ब्लॉक मागे! मेमरीतलं डिस्कवर उतरलंच नव्हतं. नोडने शेवटच्या पक्क्या नोंदीपासून निमूटपणे पुन्हा सुरुवात केली. मी मात्र निमूट नव्हतो.

मग मित्राची २४० जीबीची एसएसडी आणली. कीर्द सलग वाचली-लिहिली जाते, ती हार्ड डिस्कवरच ठेवली. फक्त तार एसएसडीवर हलवली आणि कॅश निम्मी केली. अकराव्या दिवशी नोड आजच्या ब्लॉकला पोचला.

बाबा म्हणाले, "एवढं सगळं स्वतः तपासायचं कशाला? कुणावर तरी विश्वास ठेव की."

मी त्यांना आजोबांनंतरची गोष्ट आठवून दिली. आजोबा गेले, त्यानंतर बाबांनी तारेवरच्या चिठ्ठ्या घेऊन वसुली सुरू केली. एक काका म्हणाले, "मी पैसे दिलेत." चिठ्ठी तर तारेवर होती. आवाज चढले, माणसं जमली. रात्री बाबांनी कीर्द काढली आणि पान न् पान वाचलं. काकांच्या नावावर रक्कम जमा होती, आजोबांच्याच अक्षरात. शेवटच्या दिवसांत चिठ्ठी काढायची राहून गेली होती. सकाळी बाबा त्यांच्या घरी गेले आणि हात जोडले. काका आजही आमच्याकडूनच सामान नेतात.

तार चुकली होती, कीर्द नाही. नोडमध्येही तार बिघडली तर ती कीर्दीवरून पुन्हा बांधता येते. तार वेगासाठी असते, कीर्द खरेपणासाठी.

२०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जात प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर देण्याची योजना जाहीर झाली. म्हणजे हा विषय फक्त नाण्यांचा राहिलेला नाही. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी अशी यंत्रणा बांधेल. तेव्हा आधी मोजा, मग वेग वाढवा, आणि कीर्दीचं पान कधी फाडू नका.

बाबा ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "यूपीएस घेऊन टाकू."