जुनी मोटारसायकल : आधी शिका, मग पारखा, लगेच नावावर करा

जालना जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. या तालुक्यांतील आठवडी बाजार आणि खेडी यांवर आपल्या अनेक बांधवांचे पोट आहे. बांगड्यांची पेटी घेऊन फिरणारा मन्यार, मोसंबीचा सौदा करायला बागेत जाणारा बागवान, गाद्या भरून देणारा पिंजारी, अवजारे घेऊन कामावर जाणारा गवंडी किंवा वेल्डर, या सर्वांची अडचण एकच असते. एस.टी.ची वेळ आणि कामाची वेळ जुळत नाही. स्वतःची मोटारसायकल असली तर एका दिवसात दोन गावे होतात आणि माणूस रात्री घरी परततो.

नवी गाडी घ्यायची म्हटले की बहुतेकांपुढे व्याजाचे हप्ते उभे राहतात. व्याजापासून दूर राहू इच्छिणारा माणूस साठवलेल्या रोख पैशातून जुनी गाडी घेतो. हा मार्ग चांगला आहे, आम्ही त्याची शिफारस करतो. परंतु तीन गोष्टी पुऱ्या झाल्या तरच जुनी गाडी स्वस्त पडते. चालवणाऱ्याला ती नीट चालवता आली पाहिजे, घेणाऱ्याला ती पारखता आली पाहिजे आणि सरकारी कागदावर त्याचे नाव लागले पाहिजे. यातली एक जरी राहिली तरी वाचवलेला पैसा दवाखान्यात, गॅरेजमध्ये किंवा कोर्टात जातो.

आधी शिकणे

गाडी घेण्यापूर्वी शिकाऊ लायसन्स काढावे. ते सहा महिने चालते आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. गिअरच्या मोटारसायकलीसाठी वय अठरा पूर्ण हवे. दुकानातल्या लहान मुलाला 'जरा माल टाकून ये' म्हणून गाडी देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

शिकण्यासाठी फजरच्या नमाजनंतरची वेळ आणि रिकामे मैदान उत्तम. पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलावी, वळवावी, स्टँडवर लावावी. गाडीचे वजन अंगाला कळले की निम्मी भीती जाते. दुसरा धडा क्लचचा. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडत गेले की एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. ते ठिकाण हाताला आपोआप सापडेपर्यंत दुसरा गिअर टाकू नये. गिअरची पद्धतही विचारून घ्यावी. काही गाड्यांत सर्व गिअर पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात.

ब्रेकच्या बाबतीत गैरसमज फार आहे. पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो असे सांगितले जाते आणि शिकणारा जन्मभर फक्त मागचा ब्रेक दाबतो. वास्तविक ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब वाढवत लावावेत. मात्र वाळूवर, चिखलात किंवा वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. ताशी चाळीस किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला अकरा मीटर जाते. ब्रेक लावायचे सुचेपर्यंतच तेवढे अंतर निघून जाते, हे लक्षात ठेवून पुढच्या वाहनापासून लांब राहावे.

मालासह गाडी चालवणे हा वेगळा धडा आहे. मागे जड पेटी बांधली की पुढचे चाक हलके होते आणि हँडल डगमगते. ओझे खाली, सीटला चिकटून आणि दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. घरच्या स्त्रिया मागे बसणार असतील तर साडी गार्ड काढू नये. ओढणी आणि बुरखा चाकात अडकून घडणारे अपघात त्यानेच टळतात. आणि हेल्मेट? उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला ठाऊक आहे. डोके उघडे ठेवून केलेला भरवसा त्या शिकवणीत बसत नाही.

मग पारखणे

गाडी पाहायला सकाळी जावे आणि 'इंजिन गरम करून ठेवू नका' असे आधीच सांगावे. गरम इंजिन आपले दोष लपवते. थंड इंजिन किती किकमध्ये सुरू होते ते पाहावे. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे, म्हणजे इंजिनचे मोठे काम निघणार. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, तो दोष बहुधा कमी खर्चात सुटतो.

मेन स्टँडवर लावून पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश फिरवावे. मध्यभागी अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओलावा नको. मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे नेता येतो. पाय ठेवण्याचे रबर आणि ब्रेकचा पायडल किती झिजला आहे ते खरी हकीकत सांगतात. टायरवर चार अंकी आकडा असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी दिसत असली तरी फार जुना टायर कडक होतो आणि घसरतो.

मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याचा नको. आणि जमवलेल्या रकमेतील पाचवा भाग हातात राखून ठेवावा. टायर, चेन-सॉकेट, ऑइल, विमा आणि नाव लावण्याची फी यांचा खर्च पहिल्याच महिन्यात येतो.

लगेच नावावर करणे

चावी घेण्याआधी आर.सी.वरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी अक्षर अक्षर जुळवावेत. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून मालक, विमा आणि थकलेले चलन पाहावे. आर.सी.वर बँकेच्या कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आलेली असेल तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षित नंबर पाटी बसली आहे का, हेही पाहावे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. नमुना २९ विकणाऱ्याचा, नमुना ३० घेणाऱ्याचा. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा, नाहीतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो.

'ओळखीचा माणूस आहे, कागद नंतर करू' हे वाक्य सर्वांत महाग पडते, आणि ते विकणाऱ्यालाही पडते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात एक मारुती ८०० कित्येक हातांतून विकली गेली होती, पण नोंद पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली. २००९ साली त्या गाडीने अपघात झाला, त्यात एकाचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला की, भरपाई नोंदणीत नाव असलेल्या मालकानेच द्यायची. अपघातापूर्वीच त्याने गाडी विकली होती, तरीही तो सुटला नाही. म्हणून नावावर करण्याचा तगादा घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्यानेही लावावा.

आपल्या दीनमध्ये हे काही नवे नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार करण्याची ताकीद आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दिसल्यावर प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला जाब विचारला होता, हेही आपण जाणतो. गिअर घसरतो, इंजिन एकदा खोलले आहे, गाडी पडलेली आहे, हे न सांगता ती विकणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणे होय. दोष सांगून पाचशे-हजार कमी मिळाले तरी त्या कमाईत बरकत आहे.

गाडी घरी आल्यावर इंजिन ऑइल लगेच बदलावे, कारण आधीचे कधी बदलले याचा भरवसा नसतो. खेड्यांच्या धुळीत एअर फिल्टर वारंवार साफ करावा, चेनला तेल द्यावे आणि हवा दर आठवड्याला पाहावी. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे आज दुसऱ्याच्या नावाची गाडी उभी आहे, त्यांनी येत्या सोमवारी नमुना २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयाचे काम मार्गी लावावे. आणि ज्यांनी विकलेली गाडी अजून त्यांच्याच नावावर फिरते आहे, त्यांनी तर एक दिवसही थांबू नये.