वैद्यकीय महाविद्यालयाचे निधी-आवाहन : संपर्काची भाषा

मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्याच्या एका अवघड शाखेचा विचार करावयाचा आहे. वैद्यकीय महाविद्यालयात निधी-संकलन, माजी विद्यार्थी संघ आणि जनसंपर्क ही कामे पाहणाऱ्यांचे मुख्य साधन भाषाच असते.

भिवंडीच्या अभ्यासकेंद्रात हा पाठ घेताना ‘याचा आमच्याशी काय संबंध?’ असा प्रश्न हमखास येतो. यंत्रमागावर हात सापडलेल्या कामगाराला आपण कळव्याला, शीवला किंवा परळला नेतो. तेथे खाटेचे शुल्क अल्प असते. परंतु बाहेरून आणावयाच्या साहित्याचा खर्च कुटुंबाला पेलत नाही. मग रुग्णालयाचे समाजसेवा अधीक्षक दात्यांकडे शब्द टाकतात. तो शब्द कसा टाकावा, हा आपल्या अभ्यासाचा विषय.

दात्याच्या शब्दालाही वजन असते. १९२६ साली परळला सुरू झालेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचेच उदाहरण घ्या. तत्पूर्वी मुंबईत १८४५ चे ग्रँट मेडिकल कॉलेज होते. मात्र तेथील वरिष्ठ पदांवर प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी असत. गोवर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट घातली. देणगीपत्रातील एका अटीने संस्थेचे स्वरूप ठरविले. आवाहन लिहिणाऱ्याने हे विसरू नये: समोरचा केवळ पैसा देत नाही, काही म्हणतही असतो.

आता शब्दांकडे वळू. ‘दान’ या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली, अशी उतरंड सूचित होते. ‘देणगी’ तुलनेने तटस्थ आहे. ‘वर्गणी’त आपलेपणा आहे, गणेशोत्सवाची वर्गणी देणारा स्वतःला मंडळाचाच मानतो. एका तुकडीचे डॉक्टर पंचवीस वर्षांनी एकत्र येतात, तेव्हा ‘आपल्या तुकडीची वर्गणी’ हा प्रयोग मला अधिक योग्य वाटतो. व्याकरण येथे मदत करणार नाही. कान तयार हवा.

परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी डॉक्टराने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी योगदान ठरत नाही. त्याच्याच वर्गमित्राने अमेरिकी नागरिकत्व घेतले असल्यास मात्र ती ठरते आणि संस्थेला २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते. म्हणजे पत्रात नागरिकत्व विचारणे आले. ‘आपण भारतीय आहात काय?’ असे विचारल्यास तीस वर्षे दूर राहिलेला माणूस दुखावतो. ‘पावती व नोंदणीच्या सोयीसाठी आपल्या पारपत्राचा देश कळवावा’ हे वाक्य तेच काम न दुखावता करते.

माझा एक माजी विद्यार्थी अशा एका संस्थेत जनसंपर्काचे काम करीत असे. तेथे निधी विभागाची यादी वेगळी, माजी विद्यार्थी संघाची वेगळी. एका डॉक्टरांच्या निधनाची शोकवार्ता संघाच्या वार्तापत्रात छापून आली आणि त्याच आठवड्यात निधी विभागाचे ‘आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा’ देणारे आवाहन त्यांच्या घरी पोहोचले. पत्नीने ते पाकीट न फोडताच परत पाठविले. विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, क्षमापत्राचा मायना काय लिहू?” मी म्हटले, “आधी फोन कर, आणि निधीचे नाव काढू नकोस.” पुढे दोन्ही विभागांचे लिपिक दर सोमवारी आपापल्या याद्या घेऊन एका टेबलावर बसू लागले. संस्थांतर्गत संपर्क म्हणतात तो एवढाच. परंतु त्याला कोणी बसवावे लागते.

रुग्णाचे वर्णन हा सर्वांत नाजूक भाग होय. ‘असहाय’, ‘दुर्दैवी’, ‘लाचार’ ही विशेषणे गाळून पाहा. ‘बत्तीस वर्षांचा माग-कामगार, उजव्या हाताच्या दोन शस्त्रक्रिया, एक शिल्लक’ एवढ्याने वाचकाला पुरेसे कळते. नाव व छायाचित्र रुग्णाच्या लेखी संमतीवाचून देऊ नये. आणि ती संमती उपचार सुरू होण्याची अट म्हणून तर कधीच घेऊ नये.

स्वाध्याय : वरील माग-कामगाराच्या तिसऱ्या शस्त्रक्रियेसाठी माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला सुमारे १२० शब्दांचे पत्र लिहा. ते घरातील मागावर काम केलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिला खटकलेले शब्द समासात नोंदवा.