बाळू पालवणकर : मैदानात सोबत, चहाला वेगळे



तळोद्यातल्या आमच्या वर्गात क्रिकेट म्हटलं की मुलं कोहली, रोहित अशी नावं पटापट सांगतात. पण "शंभर वर्षांपूर्वीचा खेळाडू सांगा" म्हटलं की वर्ग गप्प! म्हणून हा पाठ घेतला.

नोकरी आणि खेळ

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. चर्मकार कुटुंब, वडील सैन्यात. क्रिकेटवर पोट भरण्याचा तो काळ नव्हता. पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची. पगार महिना चार रुपये. तिथेच साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. बॅट मात्र हाती मिळाली नाही.

संघात घेतलं, पण...

इंग्रजांना हरवायचं तर बाळू हवेतच, म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. पुढे ते मुंबईला गेले. तिथे रेल्वेत नोकरी केली आणि खेळही चालू ठेवला. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं गेलं नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

वर्गात काय घ्याल?

१. चार रुपये पगार म्हणजे दिवसाला साधारण किती आणे? (१ रुपया = १६ आणे)
२. गुण होते, तरी कर्णधारपद का नाही? गटात चर्चा करा.
३. चहा पिताना बाळूंना काय वाटलं असेल? पाच ओळी लिहा.

चर्चेत एका मुलाने विचारलं, "सर, विकेट काढल्यावर त्यांना कोणी हातावर टाळी दिली असेल का?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं, ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. तुम्हीही एकदा पाहा. पाठ खरा तिथून सुरू होतो.