उधारीच्या यादीतून 'क'ची नावं काढताना

मागच्या व्हिडिओत आपण पायथॉनमध्ये यादीवर 'फॉर' फिरवला आणि 'इफ'ची चाळणी लावली. आज तीच चाळणी उधारीच्या यादीला लावू. वसुलीचे फोन घरातल्यांनी अक्षरांप्रमाणे वाटून घेतलेत आणि तुमच्या वाट्याला 'क'ची आडनावं आलीत, असं धरा.

प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारायचा: स्टार्ट्सविथ 'क'? हो असेल तर नव्या यादीत अपेंड, नाहीतर पुढे. काही जण नावाचं शून्य नंबरचं अक्षर काढून 'क'शी ताडतात (पायथॉनची मोजणी शून्यापासून). तेही चालतं, पण मध्ये एक जरी नाव रिकामं निघालं की प्रोग्राम एरर देऊन थांबतो. स्टार्ट्सविथ तिथे नुसतं 'नाही' म्हणतो. म्हणून मी तेच वापरतो.

आता चालवून बघा. काळे आले, कुलकर्णी आले आणि त्यांच्यासोबत क्षीरसागरही आले! कारण कॉम्प्युटर 'क्ष' साठवतो तो क, हलन्त आणि ष असा. 'ज्ञ'चंही तसंच, सुरुवात 'ज'ने. 'क्ष' वेगळा हवा असेल तर त्याची अट 'क'च्या अटीच्या वर लिहा. उलट चिटणीसांची वेलांटी आपल्याला 'च'च्या आधी दिसते, पण साठवलेली असते नंतर. त्यामुळे 'च' मागितला की ते बरोबर सापडतात.

जास्तीचं नाव आलं तर लगेच दिसतं. सुटलेलं दिसत नाही, आणि पैसे तिथेच अडकतात. व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना 'कदम'च्या आधी एक स्पेस चिकटली, तर कॉम्प्युटरच्या हिशेबी पहिलं अक्षर ती स्पेस. कदमांना फोनच जात नाही! त्यासाठी आधी 'स्ट्रिप' लावा. स्ट्रिप मूळ नाव बदलत नाही, साफ केलेलं नवं नाव देतं. ते परत व्हेरिएबलमध्ये ठेवायला नवशिके हमखास विसरतात. (मीही विसरलोय.) 'श्री. काळे' असं लिहिलं असेल तर ते 'श'मध्ये जातील, तो 'श्री.' आधी काढा.

शेवटी 'एल्स'मध्ये 'उरलेले' नावाची यादी ठेवा. कुठल्याच अक्षरात न बसलेली नावं तिथे पडतील. फोन सुरू करण्याआधी ती उघडून बघा.