पहिला प्रेस कोणता घ्यावा?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. नेमबाजीच्या सरावासाठी ९ मिमीची आणि थोडी .३०८ रायफलची काडतुसं घरी भरायची आहेत. सिंगल-स्टेज प्रेस घ्यावा की टरेट?

उत्तर : आधी सिंगल-स्टेजवर हात बसवा, हे मी आग्रहाने सांगेन. त्यात एका वेळी एकच डाय बसतो. म्हणून ५० पुंगळ्यांचा आकार आधी नीट करायचा, मग सगळ्यांना प्रायमर, मग दारू. भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने उभ्या असतात; वरून टॉर्चचा झोत टाकला की एखादीतली चढलेली पातळी लगेच डोळ्यात भरते. ९ मिमीत चुकून दुप्पट दारू पडली तर पिस्तूल हातातच फुटू शकतं. वेगापेक्षा ही नजर मला मोलाची वाटते.

टरेटच्या फिरत्या माथ्यावर चार किंवा अधिक डाय बसवलेलेच राहतात, ते पुन्हापुन्हा जुळवावे लागत नाहीत. महिन्याला पिस्तुलाची काही शे काडतुसं लागू लागली की तो जरूर घ्या. मात्र प्रत्येक पुंगळीत डोकावल्याशिवाय गोळी बसवू नका. रायफलसाठी तुमचा सिंगल-स्टेज तेव्हाही कामाला येईल.

भारतातल्या वाचकांसाठी : १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.