बलाढ्य पिचरापुढें फलंदाज

क्रिकेट खेळणाऱ्या आपल्या विद्यार्थिबंधूंस अमेरिकेंतील बेसबॉल हा खेळ प्रथमदर्शनीं सोपा वाटतो. तेथें फलंदाजास यष्टि राखावयाच्या नसतात, आणि चेंडूहि जमिनीवर टप्पा घेऊन येत नाहीं. परंतु चेंडू फेकणारा, ज्यास तिकडे पिचर म्हणतात, तो उंचवट्यावरून अवघ्या ६० फूट ६ इंच अंतरावर चेंडू टाकतो. ताशीं ९५ मैल वेगाचा चेंडू हातून सुटून फलंदाजापाशीं पोंचण्यास सुमारें ०.४ सेकंद लागतो. त्यांतील सुमारें ०.१५ सेकंद नुसती बॅट फिरविण्यांतच जातो. मारावें कीं सोडावें, हा निर्णय चेंडू अर्ध्या वाटेवर असतांनाच करावा लागतो. पुढें तो वळला, तर निघालेली बॅट आवरणें बहुधा साधत नाहीं.

म्हणून विचार आधींच करून ठेवावा लागतो. टेड विल्यम्स या विख्यात फलंदाजानें, ज्या चौकटींतला चेंडू सोडल्यास चूक धरली जाते, तिचे ७७ चेंडूंएवढे भाग कल्पिले होते. ऐन मध्यावरच्या चेंडूवर त्यास हजारांत ४०० वेळां यशाची आशा असे; बाहेरच्या खालच्या कोपऱ्यांत ती २३० वर येई. आपल्या भागांत चेंडू येईपर्यंत धीर धरावा, हें त्याचें मत. मात्र तीन चुका झाल्या कीं फलंदाज बाद होतो. दोन चुकांनंतर ही निवड परवडत नाहीं.

आणि पिचर धीर धरावयासच वेळ देत नसेल तर? इ. स. १९६८ सालीं सेंट लुई कार्डिनल्स संघाचा बॉब गिब्सन हा तसा होता. नऊ डावांमागें त्याच्या नांवें सरासरी १.१२ धावा लागल्या. १३ सामन्यांत तर त्यानें प्रतिपक्षास एकहि धाव दिली नाहीं. तरीहि तो त्या हंगामांत ९ सामने हरला! हा आंकडा मला फार बोलका वाटतो. अशा पिचरापुढें धावांची रास रचणें शक्य नसतें. त्याच्याहि संघास कोरें ठेवून एक-दोन धावांची वाट पाहावी लागते.

त्या वर्षींच्या अंतिम मालिकेंत डेट्रॉइट टायगर्स संघ त्याच्यासमोर आला. ता. २ ऑक्टोबर रोजीं गिब्सननें त्यांचे १७ फलंदाज तीन-तीन चुकांवर बाद केले. टायगर्सना धाव मिळाली नाहीं. ता. ६ रोजीं १० बाद, धाव एक. ता. १० रोजीं सातवा, निर्णायक सामना झाला. टायगर्सचा मिकी लोलिच हा केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर पिचर म्हणून उभा राहिला होता, आणि सहा डाव त्यानेंहि कार्डिनल्सना धाव करूं दिली नाहीं. माझ्या मतें सामना येथेंच घडला. सातव्या डावांत दोघे बाद झाल्यावर कॅश व हॉर्टन यांनीं एकेक फटका साधला. नंतर नॉर्थरपनें मध्यभागीं दूरवर चेंडू टोलविला. कर्ट फ्लड हा निष्णात क्षेत्ररक्षक आधीं पुढें आला, मग मागें वळतांना त्याचा पाय सरकला, आणि दोन धावा झाल्या. फ्रीहननें तिसरी मिळवून दिली. सामना टायगर्सनीं ४–१ असा जिंकला.

कित्येक जण हें श्रेय फ्लडच्या घसरलेल्या पायास देतात. परंतु तीन-तीन चुकांवर बाद होणाऱ्यांची संख्या पाहावी: पहिल्या भेटींत १७, दुसरींत १०, तिसरींत ८. नऊ दिवसांत तोच हात तिसऱ्यांदा पाहणारे डोळे कांहीं तरी शिकले असावेत.

पिचरांच्या या वरचष्म्याची दखल नियमकर्त्यांनींहि घेतली. १९६८ सालीं अमेरिकन लीगचा अग्रेसर फलंदाजहि हजारांत ३०१ वरच थांबला होता. १९६९ पासून पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला व चेंडूची चौकट लहान केली. गिब्सननें त्या वर्षीं २० सामने जिंकले.