एम्बेडेड लिनक्समधलं करिअर: एक पॅकेज नीट जोडून दाखवा

'कॉम्प्युटरला नंबर लागत नाही, ईएनटीसी मिळतंय, घ्यावं का? पुढे आयटीत जाता येईल ना?' कॅप राउंडच्या दिवसांत पालकांचा हा प्रश्न ठरलेला असतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा प्रश्न वेगळा: 'हार्डवेअर थोडं येतं, कोडिंग थोडं येतं, पण नोकरी नेमकी कशात शोधू?' या दोन्ही प्रश्नांना एक चांगलं उत्तर आहे आणि ते आपल्याकडे फार कमी मुलांपर्यंत पोचतं. ते म्हणजे एम्बेडेड लिनक्स, आणि त्यातही बिल्ड सिस्टिमचं काम.

घरातला वायफाय राउटर, सेट टॉप बॉक्स, नव्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा स्क्रीन, कारखान्यातला गेटवे, दवाखान्यातला मॉनिटर. यांतल्या कितीतरी उपकरणांत आतून लिनक्स चालतं. पण लॅपटॉपवर लिनक्स टाकतो तसं पेन ड्राइव्ह लावून ते तिथे बसवत नाहीत. त्या छोट्या बोर्डाची मेमरी कमी, प्रोसेसर वेगळा. त्यामुळे कर्नल, लायब्रऱ्या, प्रोग्रॅम असं सगळं मूळ सोर्स कोडपासून दुसऱ्या, मोठ्या मशीनवर तयार करायचं, त्याची एकच इमेज बनवायची आणि ती बोर्डावर चढवायची. एका जातीच्या प्रोसेसरवर बसून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम तयार करण्याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. हा सगळा कारभार सांभाळणारी यंत्रणा म्हणजे बिल्ड सिस्टिम.

त्यातली दोन नावं विद्यार्थ्यांना माहीत हवीतच. बिल्डरूट 2001 च्या सुमारास सुरू झालं. ते आटोपशीर आहे आणि दर तीन महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. योक्टो प्रोजेक्ट 2010 मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभा राहिला. तो जास्त ताकदीचा आणि शिकायला जास्त अवघड, आणि मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत त्याचंच नाव जास्त दिसतं. तिसरं नाव राउटरवाल्यांचं, ओपनडब्ल्यूआरटी. लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार सोर्स कोड द्यावा लागतो, म्हणून 2003 मध्ये तो कोड खुला झाला. त्यातून पुढच्याच वर्षी हा प्रकल्प उभा राहिला आणि त्याने आपली बिल्ड सिस्टिम बिल्डरूटवरच बेतली. मी विद्यार्थ्यांना बिल्डरूटपासून सुरुवात करायला सांगतो. तिथे काय चाललंय ते वाचून कळतं, आणि पहिल्या वर्षी तेच महत्त्वाचं असतं.

कंपनीत रुजू झालेल्या नव्या इंजिनिअरकडे हमखास येणारं काम म्हणजे इमेजमध्ये नवं पॅकेज घालणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मुलाला काय येतं आणि काय येत नाही हे यात लख्ख दिसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्या मुलीने सी भाषेत 'जलमाप' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सोसायटीच्या टाकीवर लावलेल्या सेन्सरकडून तो पाण्याची पातळी वाचतो आणि एमक्यूटीटी या संदेश पाठवायच्या पद्धतीने फोनकडे पाठवतो. पाठवण्यासाठी 'मॉस्किटो' ही लायब्ररी वापरतो. लॅपटॉपवर प्रोग्रॅम उत्तम चालतो, आता तो बिल्डरूटमध्ये घालायचा आहे.

पॅकेजच्या नावाचा एक फोल्डर आणि त्यात तीन लहान फाइल्स, एवढाच पसारा. पहिली कॉन्फिग फाइल, हिच्यामुळे मेन्यूमध्ये 'जलमाप' हा पर्याय दिसतो. दुसरी मेक फाइल, हिच्यात कोणती आवृत्ती, कुठून उतरवायची, परवाना कोणता, आधी काय तयार हवं, कसं कंपाइल करायचं आणि बोर्डाच्या फाइल सिस्टिममध्ये कुठे ठेवायचं हे लिहितात. तिसरी हॅश फाइल. हिच्यात उतरवलेल्या फाइलची शा-256 खूण असते, 64 अक्षर-अंकांची. वाटेत फाइल खराब झाली किंवा कोणी बदलली तर खूण जुळत नाही आणि बिल्ड थांबतं. याशिवाय मुख्य मेन्यूच्या फाइलमध्ये एक ओळ टाकायची, म्हणजे नवा पर्याय तिथे जोडला जातो. प्रोग्रॅम सीमेक, मेसन किंवा ऑटोटूल्सवर बेतलेला असेल तर मेक फाइलमधलं बरंचसं काम तयार मिळतं, प्रोग्रॅमची स्वतःची साधी, हाताने लिहिलेली मेकफाइल असेल तर आज्ञा आपण लिहायच्या.

आता अडचणी बघा, कारण खरं शिक्षण तिथेच होतं. मुलीने आपल्या मेकफाइलमध्ये थेट 'जीसीसी' असं लिहून ठेवलंय. लॅपटॉपवर ते बरोबरच होतं. बिल्डरूटमध्ये मात्र त्यामुळे लॅपटॉपचाच कंपायलर चालतो आणि इंटेलच्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम तयार होतो, बोर्ड तर आर्मचा. बिल्डरूट प्रत्येक तयार प्रोग्रॅम तपासतं आणि स्पष्ट सांगतं की याची जात एक्स86-64 आहे, असायला हवी होती एआर्च64. हा संदेश वाचून ज्याला मूळ कारण सापडतं त्याला क्रॉस-कंपायलिंग समजलं. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने ते समजत नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी. 'जलमाप'ला मॉस्किटो लागते हे दोन ठिकाणी सांगावं लागतं. कॉन्फिग फाइलमध्ये सांगितलं की जलमाप निवडल्यावर मॉस्किटोही आपोआप निवडली जाते. पण आधी कोण तयार व्हायचं, तो क्रम मेक फाइलमधल्या अवलंबित्वाच्या ओळीवरून ठरतो. ही दुसरी ओळ बऱ्याच जणांकडून राहते. गंमत अशी की तरीही बिल्ड यशस्वी होतं, कारण मॉस्किटो आदल्या दिवशीच तयार होऊन पडलेली असते. मग सहकारी तोच कोड कोऱ्या मशीनवर घेतो. दुसरं काही सांगितलेलं नसेल तर पॅकेजं इंग्रजी अक्षरक्रमाने घेतली जातात, आणि 'जे' हे अक्षर 'एम'च्या आधी येतं. जलमापचा नंबर आधी लागतो, मॉस्किटोची हेडर फाइल सापडत नाही आणि बिल्ड कोसळतं. म्हणून मी मुलांना एक सवय लावून घ्यायला सांगतो: काम झालं असं वाटलं की सगळं पुसून, मेक क्लीन करून, पहिल्यापासून पुन्हा बिल्ड करायचं. वेळ जातो, पण 'माझ्या मशीनवर तर चालतं' हे वाक्य ऑफिसात कधी म्हणावं लागत नाही.

आणखी एक बारकावा. कॉन्फिग फाइलमधून एखादी लायब्ररी आपोआप निवडली, तर तिच्या स्वतःच्या अटी आपोआप तपासल्या जात नाहीत, त्या आपल्या पॅकेजमध्येही लिहाव्या लागतात. मॉस्किटोची एखादी अट असेल, तर ती जलमापच्या फाइलमध्येही हवी. हे लिहायला सोबत नमुने हजारोंनी आहेत, कारण बिल्डरूटमध्ये आधीची हजारो पॅकेजं त्याच्या सोर्स कोडमध्येच उघडी पडलेली आहेत. ती वाचावीत. फाइल नियमात बसते का हे तपासणारी 'चेक-पॅकेज' नावाची स्क्रिप्ट सोबतच मिळते, आणि वेगवेगळ्या टूलचेनवर (म्हणजे कंपायलर आणि त्याच्या सोबतच्या साधनांवर) पॅकेज तयार होतं का ते बघायला 'टेस्ट-पीकेजी' आहे.

परवान्याच्या ओळीकडे बहुतेक विद्यार्थी ढुंकूनही बघत नाहीत, आणि माझ्या मते नोकरीच्या दृष्टीने तिचं मोल सगळ्यात जास्त आहे. रेडिसचं उदाहरण घ्या. जगभर वापरला जाणारा हा डेटाबेस वर्षानुवर्षं बीएसडी परवान्यावर होता. मार्च 2024 मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी परवाना बदलला. नुसता आवृत्तीचा आकडा वाढवून मोकळं होणाऱ्या इंजिनिअरने असा बदल न बघता पुढे ढकलला, तर कंपनी कायदेशीर अडचणीत येऊ शकते. बिल्डरूटमध्ये परवान्याच्या फाइलचीही हॅश ठेवतात ती यासाठीच. एका आज्ञेने सगळ्या पॅकेजांची नावं, आवृत्त्या, परवाने आणि सोर्स गोळा करता येतात.

हे काम आता आणखी वजनदार होणार आहे. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या लायब्ररीतली मोठी त्रुटी उघड झाली, तेव्हा आपल्या उत्पादनात ती आहे की नाही याचंच उत्तर अनेक कंपन्यांकडे नव्हतं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स ॲक्ट 10 डिसेंबर 2024 ला अमलात आला आणि त्याची मुख्य बंधनं 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतील. युरोपात विकायच्या डिजिटल उपकरणात कोणतं सॉफ्टवेअर आहे याची यादी उत्पादकाला ठेवावी लागेल आणि त्रुटी दुरुस्त करत राहावं लागेल. पुण्यातल्या केपीआयटीसारख्या कंपन्या परदेशी वाहन-उत्पादकांसाठी सॉफ्टवेअर करतात. पॅकेजाची नोंद चोख ठेवणारी माणसं अशा ठिकाणी लागणारच.

'एआय हे सगळं लिहून देईल, मग मुलांनी शिकायचं कशाला?' हा प्रश्न आता प्रत्येक पालक विचारतो, आणि तो रास्त आहे. त्या तीन फाइल्सचा कच्चा मसुदा एआय क्षणात देतं, हे खरं. पण परवाना बरोबर आहे का, अवलंबित्व सुटलं का, बोर्ड खरंच सुरू होतो का, हे तपासून त्याखाली नाव घालणारं माणूस लागतं. फक्त टायपिंगपुरतं शिकलेल्यांना पुढे कठीण जाईल, असं मला स्पष्ट वाटतं. बिल्डची हजार ओळींची नोंद शांतपणे वाचून पहिली चूक शोधणाऱ्याची गरज मात्र राहील.

या वाटेवर यायचे रस्ते बरेच आहेत. दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा आणि पुढे थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री, हा रस्ता मला मनापासून आवडतो, कारण हात लवकर कामाला लागतात. ईएनटीसी, कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन यांतलं काहीही चालतं. डिग्रीनंतर सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम्स डिझाइनचा पदविका अभ्यासक्रम आहे, साधारण सहा महिन्यांचा, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. शाखा कोणतीही असो, सी भाषा, ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय, लिनक्सची कमांड लाइन आणि गिट पक्कं हवं. मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीला घाबरू नये. इथे लागतं ते मॅन्युअल वाचण्यापुरतं आणि चार ओळींचा नेमका खुलासा लिहिण्यापुरतं इंग्रजी, आणि ते रोजच्या वाचनाने येतं.

क्लासची फी भरण्याआधी एक गोष्ट जरूर बघा. एम्बेडेडच्या नावाखाली आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवण्यापलीकडे काहीच न शिकवणारे वर्ग जागोजागी आहेत. बिल्डरूट किंवा योक्टोवर विद्यार्थी स्वतः पॅकेज जोडतात का, हे विचारा, आणि मागच्या बॅचने केलेलं काम दाखवा म्हणा. दाखवता आलं नाही तर पैसे भरू नका. फ्रान्समधल्या बूटलिन या कंपनीने एम्बेडेड लिनक्स, बिल्डरूट आणि योक्टो या तिन्हींच्या प्रशिक्षणाचं साहित्य सर्वांसाठी मोफत खुलं ठेवलं आहे, आणि बिल्डरूटचं मॅन्युअलही मोफत आहे. शिस्तीच्या मुलाला सुरुवातीला एवढं पुरतं.

नोकरीसाठी पुरावा लागतो, आणि तो इथे उघड्यावर तयार होतो. बिल्डरूटमधल्या जुन्या पॅकेजची आवृत्ती वाढवणं हे नवख्याला जमण्यासारखं पहिलं काम. मग अजून न आलेलं एखादं उपयोगी पॅकेज जोडायचं. कमिटचा मथळा ठरलेल्या साच्यात, खाली आपलं नाव आणि सही. जाणकार लोक ते वाचतात, चुका दाखवतात आणि दुसरी, तिसरी आवृत्ती मागतात. मुलं इथे खचतात. आई-बाबा, तुम्ही याच वेळी पाठीशी उभे राहा, कारण चूक दाखवणं हा अपमान नसून या कामाची रोजची रीत आहे. शेवटी काम स्वीकारलं गेलं की ते मुलाच्या नावासकट कायम नोंदलेलं राहतं. मुलाखत घेणाऱ्याने ते स्वतः उघडून वाचावं, यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र मला माहीत नाही.

ज्यांना रोज काहीतरी चकचकीत दिसलं पाहिजे, त्यांनी ही वाट धरू नये. दिवसभर खपून शेवटी एक ओळ बदलायची आणि त्यावर समाधान मानायचं, असं हे काम आहे. मुलाचा स्वभाव तसा नसेल तर जबरदस्ती करू नका, वेब आणि ॲपच्या क्षेत्रातही भरपूर काम आहे.

बोर्ड विकत घ्यायची घाई नको. बिल्डरूटमध्ये क्यूएमू या एम्युलेटरसाठीची तयार कॉन्फिगरेशन्स आहेत, त्यामुळे आर्मचा बोर्ड लॅपटॉपच्या आतच चालवता येतो. 8 जीबी रॅम आणि 20-30 जीबी मोकळी जागा असलेला साधा लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स, एवढं पुरतं. योक्टोला मात्र याच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून ते नंतर. येत्या सुट्टीत मुलाला स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम बिल्डरूटमध्ये जोडायला सांगा, मेक क्लीन करून पुन्हा बिल्ड करायला लावा आणि तो चालताना तुम्ही स्वतः बघा. ते काम करताना मूल रमलं की कंटाळलं, हे तुम्हाला घरीच दिसेल. क्लासचा आणि शाखेचा निर्णय त्यानंतर घ्या.